आयर्विनला किती, आपल्या उंबऱ्याला किती?

आमच्या गिरणीत कृष्णेच्या पुराच्या पाण्याच्या तीन खुणा आहेत. खालची २००५ ची, मधली २०२१ ची. तिसरी २०१९ ची, ती भिंतीवर मावली नाही. माडीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खिळ्यानं ओढलीय. गिऱ्हाईक दळणाचा डबा खाली ठेवतं, वर बघतं आणि विचारतं, "काकू, एवढं पाणी आलंवतं?" मी विचारते, "तुम्ही राहायला कुठं?" पत्ता ऐकला की कळतं, ह्यांच्या खोलीतही आलंवतं, फक्त तेव्हा हे तिथं नव्हते.

काठापासून हाकेच्या अंतरावर खोली स्वस्त का मिळते, हे घरमालक सांगत नाही. म्हणून मी सांगते. मी इंजिनिअर नाही. सांगलीत चौतीस वर्षं पिठाची गिरणी चालवते, तीन पुरांचा गाळ काढलाय, आणि त्यातल्या दुसऱ्या पुरात एक ठळक चूक केलीय.

चूक अशी. २००५ ला नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, आमच्या उंबऱ्यावर जवळजवळ सात फूट. सगळ्या गल्लीनं तेवढं डोक्यात धरलं. २०१९ च्या ऑगस्टात नदी चढायला लागली तेव्हा आम्ही सामान आठ फुटांवरच्या माळ्यावर टाकलं आणि फूटभर जादा धरल्याबद्दल स्वतःचं कौतुकही केलं. पाणी गेलं साडेसत्तावन फुटांपर्यंत. माळा बुडाला, माळ्यावरचं लग्नातलं भांडं बुडालं, माडीच्या फरशीला पाणी टेकलं. "मागच्या एवढंच येणार" हे वाक्य त्या आठवड्यात मी निदान वीस जणांच्या तोंडून ऐकलं असेल. त्यातली एक मी.

तेव्हा पहिलं काम, आपल्या घराचा आकडा काढणं. आयर्विन पूल १९२९ चा, आणि सांगलीत पाण्याचं सगळं बोलणं त्याच्या फुटांत चालतं. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. हे आकडे शहराचे, तुमच्या घराचे नव्हेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटसारख्या सखल भागात इशारा पातळीच्या आसपासच लोक बिऱ्हाड बाहेर काढत असतात, आणि त्याच वेळी हरभट रोडवर दुकानं उघडी असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाला ४४ ला पाणी येतं, उंबऱ्याला ४७ ला लागतं. तिथून पुढं आयर्विनला एक फूट चढलं की आमच्याकडंही ढोबळमानानं एक फूट.

तुमचा आकडा काढायला गल्लीतली जुनी बाई गाठा. पुरुषमाणसं आकडा फुगवून सांगतात. बायका "मोरीच्या कट्ट्याला लागलंवतं" असं सांगतात, ते मोजता येतं. शेजारी खात्रीची खूण असेल तर गवंड्याला पन्नास-शंभर रुपये देऊन त्याची लेव्हलची पारदर्शक पाइप आणवा. पाइपात पाणी भरायचं, एक टोक शेजारच्या खुणेला, दुसरं आपल्या भिंतीला. पाणी जिथं स्थिर होईल तिथं आपली रेघ. ती रेघ आयर्विनच्या किती फुटांची हे माहीत असतं, उंबऱ्यापर्यंतची उंची टेपनं मोजायची आणि वजा करायची. झाला आपला आकडा. तो स्वयंपाकघराच्या दारामागं लिहा. आणि सामान ठेवायची उंची ठरवताना सगळ्यात वरच्या खुणेवर आणखी चार फूट धरा. चार कुठून आणले विचाराल तर २००५ आणि २०१९ मध्ये जवळपास चारांचा फरक होता.

आता पेपर कसा वाचायचा. पाऊस सांगलीत पडतो म्हणून सांगली बुडत नाही. २०१९ ला कित्येकदा आमच्या डोक्यावर नुसती भुरभुर होती. बघायचं ते वर घाटातलं, कोयना, नवजा आणि महाबळेश्वर. ह्या तीन ठिकाणच्या पावसाचा आकडा रोज पेपरात येतो. जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, तेव्हा आम्ही संध्याकाळीच मोटर काढायला घेतली. दुसरं, कोयना किती भरलीय. धरण १०५.२५ टीएमसीचं, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी मावतं. जूनमध्ये रिकामं असताना घाटावर कितीही कोसळू दे, ते पोटात घेतं. जुलैअखेर नव्वदीच्या घरात असताना तोच पाऊस झाला तर पाणी सोडण्यावाचून दुसरा उपाय नसतो. "पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक" अशी, म्हणजे सेकंदाला एवढे घनफूट पाणी सुटल्याची, बातमी आली तर निवांत चहा प्या. सहा वक्र दरवाजे उचलून आकडा पन्नास हजारांच्या पुढं जायला लागला की चहा ठेवून उठा. एक लाख क्युसेक दिवसभर सुटलं तर ८.६४ टीएमसी पाणी होतं, आणि ते कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून खाली यायला आमच्या अनुभवानं एक दिवस तरी घेतं. तेवढाच आपला वेळ. मधे बहे पूल, ताकारी, भिलवडी इथले आकडे येत राहतात. भिलवडीला झपाट्यानं चढलं की आयर्विनला चढणारच.

नुसतं कोयनेकडं बघूनही भागत नाही. हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून आल्या की आमच्या कृष्णेला पुढं वाट मिळत नाही, ती जागच्या जागी फुगते. म्हणूनच वरून पाणी कमी झाल्याची बातमी येते आणि आयर्विनचा काटा दिवसभर हलत नाही. लोक तेव्हाच घरी परततात आणि फसतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं सांगली बुडते की नाही म्हणाल, तर तो वाद वर्षभर घाला, चहाच्या टपरीवर मीही घालते. पण पाणी ४० वर असताना त्या वादानं एक खुर्चीसुद्धा वर चढत नाही. "धरण फुटलं" म्हणून फोन फिरतो तो दर पुरात फिरतो. सांगणाऱ्याला विचारायचं, "आयर्विनला किती?" आकडा सांगता आला नाही तर बातमी खोटी. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तिथं विचारा.

आमच्या घरी फुटांप्रमाणं काम वाटलेलं आहे. तुमचा उंबरा आमच्यापेक्षा खाली असेल तर सगळं तेवढंच आधी.

आयर्विनला ३० झालं की कागद. रेशन कार्ड, आधार, पासबुक, घराची पावती, पोरांचे दाखले, इन्शुरन्स, डॉक्टरच्या चिठ्ठ्या. दोन पिशव्यांत बांधून एक पिशवी विश्रामबागला जावेकडं. सगळ्याचे फोटो काढून पोराच्या फोनवर. सोबत घराचेही फोटो, प्रत्येक खोलीचे, सामान जागेवर असताना. नंतर पंचनाम्याला "तुमच्याकडं फ्रिज होता कशावरून" असं विचारलं की उपयोगी पडतात.

३५ ला धान्य. पोतं भिजलं की गहू दोन दिवसांत फुगून शिवण उसवतो आणि वास असा सुटतो की गल्लीत कुणाचं जेवण उतरत नाही. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं काय झालं ठाऊक असेलच. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकवणारी ती पेवं. २००५ ला पाणी आत गेलं आणि तो उद्योगच बसला. हवाबंद वाटतं ते पूरबंद नसतं. गिऱ्हाइकांचे दळणाचे डबे मी ह्याच वेळी निरोप देऊन परत करते. कुणी म्हणतं, "काकू, उगं घाबरताय, अजून पाच फूट आहे इशाऱ्याला." म्हणू दे.

३८ ला मोटर. साडेसात एचपीची, पूर्वी ती काढायला चार माणसं आणि शिव्या लागायच्या. २०१९ नंतर माडीच्या तुळईला हूक मारून चेनब्लॉक लावला. आता थोरला पोरगा आणि सूनबाई दोघं मिळून अर्ध्या तासात वर घेतात. सगळी युक्ती नटांत आहे. गंजलेला नट ऐनवेळी फिरत नाही. दर १ जूनला चारी नट सोडून ग्रीस लावून परत आवळते. बोअरची मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी, शिलाई मशीन ह्यांचंही तेच.

४० ला मोरी. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबते. नदी पुढच्या दारानं येईल असं समजून लोक दाराला वाळूची पोती लावतात. ती येते मागून, नाल्यातून, गटारातून, संडासाच्या भांड्यातून. सांगलीत शेरीनाल्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. जुन्या साडीचा बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोरीच्या तोंडात ठोकायचा, वर वाळूची पिशवी आणि त्यावर पाटा. संडासाचंही तसंच. ह्यानं पूर थांबत नाही. पण उंबऱ्याखालीच पाणी राहिलं तर घाण घरात येत नाही, आणि अशा पुरांची संख्या मोठ्या पुरांपेक्षा जास्त असते.

४२ ला बांधाबांध. फ्रिज तरंगतो. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. २०१९ ला आमचा फ्रिज तरंगत गेला आणि पाणी उतरल्यावर दारामागं आडवा बसला. खिडकीचे गज कापून आत जावं लागलं. तेव्हा फ्रिज, पिंप, सिलिंडर एकत्र दोरीनं खिडकीच्या गजाला बांधा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, भरलेला असो वा रिकामा. कपाटाचे खण काढून वर घ्या आणि दारं उघडी ठेवा, लाकूड फुगलं की ती कुऱ्हाडीशिवाय उघडत नाहीत. प्लायवूडच्या वस्तूवर श्रम घालवू नका, ती गेलीच. सागवानी खाट राहते. गाद्यांपैकी एक न्या, बाकी सोडा.

मेन स्विच सगळ्यात शेवटी, पण पाणी बोर्डाच्या जवळ यायच्या बऱ्याच आधी, कोरड्या हातानं, कोरड्या जागी उभं राहून.

४३ ला आम्ही निघतो. चालत. ह्यावर माझं आणि मालकांचं दर वेळी वाजतं. २०१९ ला ते "चोऱ्या होतात, मी माडीवर थांबतो" म्हणून थांबले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी प्यायचं पाणी संपलं, सगळीकडं पाणी आणि प्यायला घोट नाही, फोन बंद, संडासाची सोय तर सांगायलाच नको. तिसऱ्या दिवशी बोटीतून आले तेव्हा बीपीच्या गोळ्या माडीवरच राहिल्या होत्या. चोराला न्यायला खाली काही उरलं नव्हतंच. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. बोटीत बसायची वेळ आलीच तर गच्च भरलेल्या बोटीत चढू नका, पुढच्या खेपेची वाट बघा, लहान पोरांना तरी जॅकेट मागून घ्या. पण बोटीची वेळच येऊ नये ह्यासाठी ४३ ला चालत निघायचं.

पिशवीत काय? गोळ्या, चष्मा, चार्जर, बॅटरी, सासूबाईंची कवळी, बायकांच्या गरजेच्या वस्तू, दोन दिवसांचे कपडे. देवघरातले टाक मी घेते, समई जड म्हणून माडीवर. पाहुण्यांकडं जाणार असाल तर पाच किलो तांदूळ आणि आपापल्या चादरी घेऊन जा. आठवड्याचा मुक्काम असतो. तिसऱ्या दिवसानंतर पाहुण्याचं काय होतं ते आपल्याला म्हणीसकट पाठ आहे. कुणी नसेल तर शाळेतल्या छावणीत लाज कसली.

जनावरांचं मी अनुभवानं सांगू शकत नाही, माझा भाऊ भिलवडीकडं असतो त्याचं सांगते. तो घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी टोचून घेतो, कानातले बिल्ले शाबूत आहेत का बघतो, कारण जनावर गेलं तर भरपाईला बिल्ल्याचा नंबर आणि डॉक्टरचा दाखला दोन्ही लागतात. आणि गोठा सोडायचीच वेळ आली तर आधी दावी कापतो. मोकळी म्हैस पोहत उंचावर जाते, बांधलेली जागेवर जाते. त्याच्या उसाचं गणित सोपं आहे: पोंगा, म्हणजे शेंडा, पाण्यावर राहिला तर ऊस जगतो, पोंग्यात गाळ बसला की नुसता चोथा.

पाणी उतरताना खरं काम सुरू होतं आणि ते वेळेवर केलं तर निम्मं होतं. उंबऱ्याखाली पाणी जाईपर्यंत वाट बघत बसू नका. घरात गुडघाभर असतानाच, वीज तोडलेली आहे ह्याची खात्री करून, खराटा घेऊन शिरा आणि गाळ हलवत राहा. उतरणारं पाणी तो आपल्याबरोबर नेतं. एकदा गाळ बसून वाळला की तो फावड्यानंही निघत नाही. पण त्याआधी दारात उभं राहून फोटो काढा, घर नंबर दिसेल असे. आत पाय टाकताना गमबूट आणि हातात काठी. घोणस, मण्यार, नाग सगळे कोरडी जागा शोधत आलेले असतात, आणि त्यांना माळा, भांड्यांची फळी, गुंडाळलेली गादी फार आवडते. काठाकडच्या वस्त्यांत मगरही येते, चेष्टा नव्हे. मातीच्या भिंतीचं घर असेल तर पाणी उतरल्यावर दोन दिवस आत झोपू नका. भिंत भिजताना उभी राहते आणि पाण्याचा आधार गेला की बसते.

फरशी धुवायला ब्लिचिंग. त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. शेजारच्या पोराला त्यानं दवाखान्यात न्यावं लागलं होतं. विहीर-बोअरचं पाणी टीसीएल (ब्लिचिंगचीच) पावडर टाकून तपासून मिळेपर्यंत वापरायलाच, प्यायला नाही. प्यायचं पाणी उकळून. पायाला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळं होणाऱ्या तापाच्या, गोळीबद्दल डॉक्टरला आपणहून विचारा. ताप आल्यावर "मी गाळात काम केलं होतं" हे सांगायला विसरू नका.

भिजलेली मोटर, भिजलेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून चालू करू नका. गाडीचं इंजिन पाण्यासकट फिरलं की आतून मोडतं आणि इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. मिस्त्रीकडं ढकलत न्या. वायरमन बघून जाईपर्यंत एकही बटण दाबू नका.

भिंतींना घाई नको. २००५ ला आम्ही गणपतीच्या आधी रंग दिला. दिवाळीला पापुद्रे निघाले, संक्रांतीला क्षार फुटले. २०१९ ला खालचा गिलावा छातीइतका फोडून भिंत उघडी ठेवली, रंग थेट पुढच्या उन्हाळ्यात, तोही चुन्याचा. पाहुणे नाकं मुरडत होते.

त्या उघड्या भिंतीच्या वेळीच घर बदललं. लाइटचे बोर्ड खांद्याच्या वर घेतले, मीटर माडीच्या जिन्यात. तळमजल्याचं फर्निचर रद्द. कडाप्प्याच्या फळ्या आणि लोखंडी रॅक, पाइप मारला की स्वच्छ. जोतं वाढवायचा सल्ला खूप जणांनी दिला. दोन फूट वाढवून आम्ही दहा फूट पाण्याचं काय करणार होतो? उलट रस्त्याचं पाणी समोरच्या बैठ्या घरात गेलं असतं. नवीन जागा घेणार असाल तर दलालाला निळी रेषा आणि लाल रेषा विचारा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्याच्या आत तर पाऊलच टाकू नका. मी चौदा वर्षांच्या अंतरात सांगलीत दोन आणि त्यानंतर दोनच वर्षांत तिसरा पूर बघितलाय, त्यामुळं २५ आणि १०० ह्या आकड्यांवर माझा जीव फारसा बसत नाही.

माझी नणंद कोकणात समुद्रकाठी श्रीवर्धनला दिलीय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारी झोपल्या. तिनं मला फोन करून ही यादी मागितली आणि आम्ही दोघी बसून ताडून बघितली. तिच्याकडं आधी छप्पर जातं, माझ्याकडं जमीन. उधाणाचं पाणी ओहोटीबरोबर माघारी फिरतं, पण खारं, लोखंड खाऊन जातं. आमची कृष्णा गोडी, मात्र आठवडाभर मुक्काम ठोकते. तिच्या घरापुढची पुळण दर वर्षी थोडी आत येते. भावाच्या मळीचा, म्हणजे नदीकाठच्या रानाचा, काठही नदी दर पुरात हातभर खाते. त्यानं काठापासून दोन ओळी वाळा आणि मागं बांबू लावलाय, आणि काठापर्यंत नांगर न्यायचा सोडलाय. पहिल्या वर्षी वडिलांनी "दोन गुंठे फुकट घालवलेस" म्हणून ऐकवलं. २०२१ ला शेजारच्याचा काठ ढासळला, ह्याचा बांबूपाशी थांबला. आमच्या यादीतली कागदांची पिशवी आणि उंच बोर्ड तिनं घेतले, छपराचे पत्रे तारेनं वाशाला आवळायचं मी तिच्याकडून घेतलं. मोरीचा बोळा तिला पटला नाही. "आमच्याकडं पाणी वरनं येतं गं," म्हणाली.

दारामागचा आमचा कागद आता सूनबाईच्या अक्षरात आहे. तिनं ४३ च्या पुढं कंसात "मामंजींसकट" असं लिहिलंय.